एप्रिलमधले चार थंड दिवस: परसातील पर्पल मार्टिन वसाहतीचा प्रकरण अभ्यास

मध्य न्यू जर्सीतील आमच्या घरामागे हिरवळीच्या मधोमध एक खांब उभा आहे आणि त्याच्या माथ्यावरच्या आडव्या दांड्यांना बारा पांढरे तुंबे टांगलेले आहेत. दर वसंतात पर्पल मार्टिन नावाचे पक्षी दक्षिण अमेरिकेतून येऊन या तुंब्यांत वीण करतात. गेल्या वर्षी त्यांच्या आगमनाच्या ऐन हंगामात, १४ ते १८ एप्रिल या दिवसांत, थंडीने आणि पावसाने या छोट्या वसाहतीला गाठले. त्या वेळी आम्ही काय केले, काय करण्यास उशीर लावला आणि त्या उशिरापायी काय गमावले, याची ही सविस्तर नोंद आहे. आमचा खांब पाहून ओळखीच्या तीन-चार मराठी कुटुंबांनी आपल्याही परसात असा खांब रोवण्याची इच्छा बोलून दाखवली आहे. त्यांना नाउमेद करण्याचा माझा हेतू नाही. परंतु मार्च ते मे या काळात रोज सकाळ-संध्याकाळ खांबाकडे लक्ष देणे ज्यांना शक्य नाही त्यांनी तो रोवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे आणि ते का झाले हे या प्रकरणावरून कळावे.

पक्षी आणि त्याचे परावलंबन

पर्पल मार्टिन हा भिंगऱ्यांच्या कुळातील, उत्तर अमेरिकेतल्या भिंगऱ्यांत आकाराने सर्वांत मोठा पक्षी होय. लांबीने सुमारे २० सेंटिमीटर आणि वजनाने ५० ग्रॅमच्या आसपास. पूर्ण वयाचा नर लांबून काळाच दिसतो, पण अंगावर ऊन आले की त्याच्या पिसांवर निळसर जांभळी झळाळी उमटते. मादीचे आणि एक वर्षाच्या नराचे पोट मात्र राखी-पांढरे असते. तो जवळजवळ केवळ उडत्या कीटकांवर जगतो आणि तेही उडता उडता टिपतो: चतुर, भुंगे, माश्या, पंख फुटलेल्या मुंग्या. हा पक्षी दिवसाला हजारो डास खातो अशी एक समजूत अमेरिकेत अनेक वर्षे रूढ होती, ती खरी नाही. मार्टिन दिवसा आणि बऱ्याच उंचीवर शिकार करतो, तर डास जमिनीलगत आणि मुख्यतः अंधार पडताना फिरतात. तेव्हा डासांवर उपाय म्हणून कोणी खांब रोवणार असेल तर त्याची निराशा होईल.

या पक्ष्याची खरी विलक्षण गोष्ट वेगळीच आहे. रॉकी पर्वतरांगांच्या पूर्वेला तो आता जवळजवळ सर्वस्वी माणसाने टांगलेल्या घरांतच वीण करतो. पश्चिमेकडे काही मार्टिन अजून सुतार पक्ष्यांनी कोरलेल्या ढोल्यांत राहतात, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात तर सग्वारो निवडुंगातील ढोल्यांत; पूर्वेकडे मात्र ती सवय पिढ्यान्‌पिढ्या मोडत गेली. चॉक्टॉ आणि चिकासॉ या मूळ अमेरिकी जमातींचे लोक आपल्या झोपड्यांजवळच्या एखाद्या कोवळ्या झाडाच्या वरच्या फांद्या छाटून, राहिलेल्या खुंटांवर मार्टिनसाठी पोकळ भोपळे टांगत असत, अशी नोंद अलेक्झांडर विल्सन या पक्षितज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करून ठेवली आहे. हा भोपळा म्हणजे आपला दुध्याच. ज्या जातीच्या वेलाची कडक सालीची फळे वाळवून मिरजेचे कारागीर तंबोरे करतात, तीच ही जात. म्हणून मी त्याला तुंबाच म्हणतो, जरी आमच्या खांबावरचे तुंबे आता प्लास्टिकचे असले तरी.

सांगायचा मुद्दा असा की या पक्ष्याला परत जाण्यासाठी रान उरलेले नाही. माणसाने घर दिले तर तो वीण करतो आणि दिलेले घर माणसाने वाऱ्यावर सोडले तर त्यात चिमण्या आणि स्टार्लिंग शिरतात व मार्टिनला जागा राहत नाही. अमेरिकेत या कामाला घरमालकी म्हणण्याची पद्धत आहे. मला ते नाव पटत नाही, कारण घरमालकाला भाडे मिळते आणि भाडेकरूला दुसरे घर शोधता येते.

जागा आणि आधीची तीन वर्षे

आमचे घर उपनगराच्या अगदी कडेला आहे. मागे सोयाबीनची शेते आहेत आणि पायी पाच मिनिटांवर एक तळे. खांब साडेचार मीटर उंच, घरापासून २८ मीटरवर, आणि सर्वांत जवळचे मेपलचे झाड खांबापासून १६ मीटरवर आहे. ही अंतरे डोळ्यांच्या अंदाजाने ठरवलेली नाहीत. झाड १२ मीटरच्या आत असेल तर शिकारी ससाण्याला फांदीआडून झडप घालणे सोपे जाते म्हणून मार्टिन अशी जागा टाळतात. आणि घर ३० मीटरपेक्षा लांब असेल तर माणसाच्या वावरामुळे मिळणारे संरक्षण कमी होते. रॅकून आणि झाडांवर चढणारे साप वर जाऊ नयेत म्हणून खांबाच्या मध्यावर गुळगुळीत पत्र्याचे नळकांडे बसवलेले आहे. संपूर्ण चौकट कप्पीच्या दोरीने खाली घेता येते, आणि ही सोय नसेल तर बाकी कशालाच अर्थ नाही, कारण जे घर खाली उतरवून आत पाहता येत नाही त्याची निगा राखणे अशक्य असते.

पहिल्या वर्षी एकही पक्षी आला नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या मध्यावर एक वर्ष वयाची एक जोडी आली; नव्या जागी प्रथम येतात ते बहुधा असे तरुण पक्षीच, कारण वयाने मोठे पक्षी आपापल्या जुन्या जागी परततात. त्या जोडीची अंडी फोडली गेली, त्याबद्दल पुढे येईलच. तिसऱ्या वर्षी पाच जोड्यांनी यशस्वी वीण केली. हा अभ्यास चौथ्या वर्षाचा आहे.

चिमण्यांचा प्रश्न

थंडीकडे वळण्यापूर्वी हा प्रश्न घेणे भाग आहे, कारण मार्टिनच्या आगमनाच्या तयारीचा अर्ध्याहून अधिक भाग म्हणजे चिमण्यांचा बंदोबस्त आहे आणि मराठी माणसाला सर्वांत जड जाणारा भागही हाच आहे.

अमेरिकेतील चिमणी ही आपल्या अंगणातलीच चिमणी, जात तीच. तिला १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मुद्दाम आणून सोडण्यात आले. स्टार्लिंग हा आपल्या साळुंकीच्या कुळातला युरोपीय पक्षी. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्याच सेंट्रल पार्कमध्ये युजीन शिफेलिन यांनी सुमारे ६० स्टार्लिंग सोडले. दोन्ही पक्षी ढोलीत घरटी करणारे, वर्षभर इथेच राहणारे आणि आक्रमक असल्यामुळे, मार्टिन परतण्याच्या आधीच ते जागा बळकावून बसतात. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने मार्टिनला पूर्ण संरक्षण आहे, तर बाहेरून आणलेल्या या दोन पक्ष्यांना ते नाही. स्टार्लिंगवर उपाय साधा निघाला: तुंब्याचे दार गोल न ठेवता चंद्रकोरीच्या आकाराचे आणि जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचे ठेवले की मार्टिन पोट टेकवून आत सरकतो आणि अंगाने जाड असलेला स्टार्लिंग अडकतो. चिमणी मात्र मार्टिनहून लहान असल्याने तिला अडवणारे दार करताच येत नाही.

दुसऱ्या वर्षी मी केलेली चूक अशी होती की चिमण्यांनी तीन नंबरच्या तुंब्यात केलेले घरटे मी केवळ उपसून टाकले आणि नर चिमणा मोकळाच राहिला. घरटे हरवलेला नर शेजारच्या घरट्यांवर राग काढतो, असे अनुभवी लोक सांगत आले आहेत, पण मी ते मनावर घेतले नव्हते. तीन दिवसांनी मार्टिनच्या घरट्यात चारही पांढरी अंडी टोचून फोडलेली सापडली आणि जोडी निघून गेली.

त्यामुळे गेल्या वर्षी मी पद्धत बदलली. बाराही तुंब्यांना हिवाळाभर बुचे होती. मार्चअखेर मी ते धुऊन त्यांत वाळलेल्या पाईनच्या सुया पसरल्या, पण १ एप्रिलला फक्त दोन दारे उघडली आणि पुढे जितके मार्टिन दिसतील त्या मानाने एकेक उघडत गेलो. दर दिवसाआड चौकट खाली घेऊन तपासणी केली. तरीही एका चिमण्याने सहा नंबरचा तुंबा धरलाच. तो पिंजऱ्यात पकडला गेला आणि शिकारी पक्ष्यांच्या एका शुश्रूषा केंद्रात खाद्य म्हणून दिला गेला. हे मी लपवत नाही, आणि ते करताना मला बरे वाटले असेही म्हणत नाही.

आई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली होती. मी सहा नंबरच्या तुंब्यातून गवत, कोंबडीची पिसे आणि प्लास्टिकच्या चिंध्या ओढून काढत असताना ती मागच्या पायऱ्यांवर उभी होती. “अरे, चिमणीचं घरटं मोडू नये बाळा,” एवढेच ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या म्हणण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते असे नाही, पण ते उत्तर तिच्या ओसरीवर लागू पडत नव्हते. २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळण्याची कल्पना नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने २०१० साली प्रत्यक्षात आणली. महाराष्ट्रात चिमणी कमी होत आहे म्हणून लोक पुठ्ठ्याची आणि लाकडाची खोकी टांगतात, आईनेही एक टांगलेले आहे. न्यू जर्सीत नेमक्या त्याच आठवड्यात मी तुंब्यांची बुचे घट्ट करत असतो. संध्याकाळी मी तिला दुसऱ्या वर्षीची फुटक्या अंड्यांची छायाचित्रे दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली. तिने आपले मत बदलले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून दारे मोजण्याचे काम तिने आपणहून अंगावर घेतले.

आगमन

३ एप्रिलला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पहिला नर आला. तो दिसण्याआधी ऐकू आला. मार्टिनचा आवाज घशात पाणी घोळवल्यासारखा, गुळगुळ आणि त्यात मधूनच कट्‌कट्‌ असा असतो, आणि सात महिने न ऐकलेला तो आवाज स्वयंपाकघरातून ओळखू येतो. तो थेट सात नंबरच्या तुंब्यावर उतरला, आत डोकावला आणि दारात बसून राहिला. गतवर्षी सात नंबरमध्ये ज्या नराने वीण केली होती तोच हा, असे आई त्याच दिवशी म्हणाली. परंतु त्याच्या पायात ओळख पटवणारे कडे नव्हते, त्यामुळे मी ते वहीत लिहिले नाही.

या पहिल्या पक्ष्यांना अमेरिकेत टेहळ्या म्हणतात आणि ते जागा पाहून परत जातात व थव्याला घेऊन येतात, अशी कथा सांगतात. तसे काही नसते. वयाने मोठे पक्षी आधी निघतात आणि आधी पोहोचतात, इतकेच. एक वर्षाचे तरुण पक्षी त्यांच्यानंतर चार-पाच आठवड्यांनी येऊ लागतात. आधी येणाऱ्याला जागा निवडता येते, म्हणूनच परतीचा प्रवास घाईचा असतो. ब्रिजेट स्टचबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातील मार्टिनच्या पाठीवर प्रकाशाची नोंद ठेवणारी चिमुकली यंत्रे बसवून २००९ साली सायन्स या नियतकालिकात जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत एका मादीने वसंतातील परतीचे सुमारे ७,५०० किलोमीटर अंतर अवघ्या १३ दिवसांत कापल्याचे दिसले. शरद ऋतूत जाताना हेच पक्षी कितीतरी सावकाश जातात.

या घाईची दुसरी बाजू अशी की ब्राझीलमध्ये निघताना पक्ष्याला न्यू जर्सीतील एप्रिलची कल्पना नसते. तापमान साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले किंवा सतत पाऊस लागला की कीटक उडत नाहीत, आणि कीटक उडाले नाहीत तर मार्टिनला दुसरे काही खाता येत नाही. तब्येत चांगली असलेला पक्षी असे दोन-तीन दिवस काढू शकतो. त्यापुढे तो मरू लागतो. जून १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस चक्रीवादळाच्या दीर्घ पावसाने पेन्सिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांतील मार्टिनच्या वसाहतीच्या वसाहती अशाच उपासमारीने नष्ट झाल्या होत्या.

१२ एप्रिलपर्यंत आमच्याकडे नऊ पक्षी होते, पाच नर आणि चार माद्या. सात दारे उघडी होती.

१४ ते १८ एप्रिल

१४ तारखेला दुपारी वारा ईशान्येचा झाला आणि पाऊस सुरू झाला. १५ तारखेला दिवसाचे कमाल तापमान ७ अंशांवर गेले नाही. पक्षी सकाळी एकदा तळ्याकडे गेले, अर्ध्या तासात परतले आणि दांडीवर अंग फुगवून, चोची वाऱ्याच्या दिशेला करून बसले. एरवी दोन नर एका दांडीवर शेजारी बसत नाहीत. त्या दिवशी सगळे खांद्याला खांदा लावून बसले होते. दुपारनंतर ते आत गेले. सात दारे उघडी असतानाही नऊच्या नऊ पक्षी दोनच तुंब्यांत शिरले. ऊब टिकवण्यासाठी ते असे एकावर एक बसतात, आणि त्यात तळाचा अशक्त पक्षी गुदमरण्याचा धोका असतो.

येथे पहिला निर्णय घ्यायचा होता आणि तो मी चुकीचा घेतला. निसर्गात ढवळाढवळ करू नये, उद्या ऊन पडेल, असे मी स्वतःला समजावले. वास्तविक जो पक्षी माणसाच्या खांबाखेरीज कुठे राहूच शकत नाही त्याच्या बाबतीत ढवळाढवळ फार पूर्वीच सुरू झालेली आहे, आणि थंडीत ती नेमकी नाकारणे म्हणजे तत्त्व पाळणे नव्हे, ती सोय झाली. शिवाय खरे कारण निराळे होते: घरात रातकिडे नव्हते. अडचणीच्या वेळचे खाद्य म्हणून पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे रातकिडे मार्चमध्येच आणून गोठवून ठेवावे, हे मला ठाऊक होते आणि मी ते पुढे ढकलत आलो होतो.

१६ तारखेला कमाल तापमान ६ अंश आणि दिवसभर बुरबूर होती. दुपारपर्यंत एकही पक्षी बाहेर पडला नाही. संध्याकाळी चार अंड्यांची मीठ-तिखट न घातलेली मऊ भुर्जी करून, ती थंड करून, एका ताटलीत घालून खांबाजवळच्या उंच फळीवर ठेवली. कोणीही तिकडे वळून पाहिले नाही. हे अपेक्षितच होते, कारण ज्या पक्ष्याने आयुष्यात हलते भक्ष्यच खाल्ले आहे त्याला ताटलीत पडलेला पिवळा गोळा हे अन्न आहे हे कळण्याचे कारण नाही. त्याला आधी अन्न हवेत उडताना दिसावे लागते. त्या रात्री मी शहरातील एका दुकानातून दोनशे रातकिडे आणले.

१७ तारखेला सकाळी चौकट सावकाश खाली घेतली तेव्हा चार नंबरच्या तुंब्यात एक मादी मेलेली सापडली. तिच्यावर तीन पक्षी बसलेले होते आणि त्यांच्यात उडून जाण्याचेही त्राण नव्हते. मी तिला बाहेर काढले. छातीचे मधले हाड बोटाला नांगराच्या फाळासारखे धारदार लागत होते. दोन्ही बाजूंचे मांस, ज्याच्या जोरावर ती इतक्या लांबून उडत आली होती, पार झडून गेले होते. पंख मात्र निर्दोष होते, एकही पीस विस्कटलेले नव्हते. कायद्याप्रमाणे या पक्ष्याचे पीससुद्धा परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही, म्हणून तिला हिरवळीच्या कडेला पुरले.

त्यानंतर रातकिडे फेकण्यास सुरुवात केली. गोठवून मारलेला आणि मग पाण्यात ठेवून सैल केलेला रातकिडा प्लास्टिकच्या चमच्यात घ्यायचा, चमच्याचे टोक बोटाने मागे वाकवायचे आणि रातकिडा पक्ष्याच्या समोरून, त्याच्या डोक्याच्या थोडा वरून जाईल असा उडवायचा. त्यासाठी पक्षी बाहेर दांडीवर यायला हवा. साडेदहाच्या सुमारास पाऊस थांबला आणि तीन पक्षी बाहेर आले. पहिले ३३ रातकिडे गवतात पडले. पक्षी प्रत्येकाकडे मान वळवून बघत आणि पुन्हा डोळे अर्धवट मिटून घेत. खाली पडलेले वेचून आई मला परत देत होती. चौतिसावा रातकिडा सात नंबरच्या नरासमोरून गेला तेव्हा त्याने दांडी सोडली, फार तर दोन मीटर खाली सूर मारला, चोच मिटल्याचा टक्‌ असा आवाज स्पष्ट ऐकू आला आणि तो वळसा घालून जागेवर येऊन बसला. पस्तिसाव्याला तो रातकिडा चमच्यातून सुटण्याआधीच निघाला होता.

पुढचे फार वेगाने घडले. एकाने टिपलेले दुसऱ्याने पाहिले, दुसऱ्याचे तिसऱ्याने. अर्ध्या तासात पाच पक्षी चमच्याच्या हालचालीवर झेपावू लागले. मग रातकिडे फळीवरच्या ताटलीत, भुर्जीच्या वर पसरून ठेवले, आणि दुपारी दोनच्या सुमारास सात नंबरचा नर ताटलीत उतरला. रातकिड्यांबरोबर भुर्जीही चोचीला लागली व त्याने ती गिळली. संध्याकाळपर्यंत सात पक्षी ताटलीवर येऊन गेले. आठवा, पाच नंबरचा एक नर, दारात येऊन बसे, पण झेपावण्याइतकी शक्ती त्याच्यात उरली नव्हती. दाराच्या उंबऱ्यावर काठीने टेकवलेला रातकिडाही त्याने घेतला नाही. १८ तारखेला सकाळी तो आत मेलेला होता. त्याच दिवशी अकरा वाजता ऊन पडले, पारा १३ अंशांवर गेला, तळ्यावर माश्यांचे थवे दिसू लागले आणि उरलेले सात पक्षी ताटलीकडे पाठ फिरवून तिकडे गेले. ते योग्यच होते.

मूल्यमापन

नऊपैकी दोन पक्षी गेले. १६ तारखेला सकाळी, म्हणजे उपासाच्या दुसऱ्या दिवशी, रातकिडे फेकले असते तर ते दोघेही वाचले असते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण पाच नंबरचा नर त्या दिवशी दांडीवर बसण्याइतका तरी समर्थ होता, हे वहीत लिहिलेले आहे. पहिल्याच दिवशी फेकण्यातही अर्थ नसतो, कारण पोट भरलेला पक्षी उडत्या रातकिड्याकडे ढुंकून पाहत नाही. भूक लागलेली असावी पण अंगात झेपावण्याचे बळ असावे, अशी ती वेळ फार थोडी असते, आणि ती वेळ आली तेव्हा खाद्य घरात असायला हवे. दुकान शोधण्यात माझा एक दिवस गेला. तेवढ्यासाठी फक्त मार्चमधील एक फेरी आणि फ्रीझरमधील एक कप्पा लागला असता.

आणखी एक चूक तितकी उघड नव्हती. चिमण्यांच्या भीतीने मी चौकट दर दिवसाआड खाली घेत होतो. थंडी सुरू झाल्यावर १५ आणि १६ तारखेला मी ती घेतली नाही, पक्ष्यांना त्रास नको म्हणून, आणि त्यामुळे चार नंबरमधील मादी किती खंगली होती हे मला कळले नाही. थंडीत रात्री तुंब्यांना हात लावू नये हे खरे. परंतु दिवसा एकदा आत पाहणे आवश्यक आहे, विशेषतः अनेक पक्षी एकाच तुंब्यात शिरलेले असताना, कारण मेलेला पक्षी दाराशी अडकला तर आतले जिवंत पक्षीही कोंडले जातात.

जे बरोबर झाले ते दारे हळूहळू उघडण्याचे. त्या पंधरवड्यात एकाही तुंब्यात चिमणीचे अंडे पडले नाही, आणि थंडीत खंगलेल्या पक्ष्यांना जागेसाठी भांडावे लागले नाही. टपालाने मीलवर्म, म्हणजे भुंग्यांच्या अळ्या, मागवण्याचा मार्गही मी १६ तारखेला करून पाहिला होता; पार्सल २१ तारखेला पोहोचले, तेव्हा त्याचा विचार करू नये.

नंतरचा हंगाम

एप्रिलअखेरीपासून तरुण पक्षी येऊ लागले आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात आठ तुंबे भरले. आईने अंड्यांची कवचे भट्टीत भाजून, चुरून फळीवर ठेवण्यास सुरुवात केली. माद्या अंडी घालण्याच्या दिवसांत हा चुरा कॅल्शियमसाठी आवडीने उचलतात. पहिले अंडे १९ मे रोजी दिसले. नर आणि मादी दोघेही घरट्यात हिरवी पाने आणून पसरत होते, आणि ती सुकली की नवी आणत होते. दर पाचव्या दिवशी नोंद घेतली. पिल्ले २२ दिवसांची झाल्यावर आत पाहणे थांबवले, कारण त्यानंतर घाबरलेली पिल्ले वेळेआधी बाहेर उडी घेतात. आठ जोड्यांनी ३६ अंडी घातली आणि ३१ पिल्ले उडाली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खांब रिकामा झाला, आणि त्याच आठवड्यात आई साताऱ्याला परतली.

यंदा ८ मार्चला रातकिडे आणून गोठवले. ३१ मार्चला सकाळी ढग होते, पारा ८ अंशांवर होता, आणि फक्त सहा व सात नंबरची दारे उघडी होती. साडेसातला तोच गुळगुळ आवाज आला. नर सात नंबरच्या दांडीवर उतरला. पायात कडे नव्हते. मी फ्रीझरमधून काढलेला एक रातकिडा कोमट पाण्यात सैल केला, चमच्यात घेतला आणि खांबाखाली जाऊन उडवला. एकही हवेतला रातकिडा यापूर्वी न पाहिलेला पक्षी पहिल्याच फेकीला काय करतो हे माझ्या वहीत लिहिलेले आहे: तो मान वळवतो आणि जागचा हलत नाही.

याने तो दांडीपासून दोन मीटरवर टिपला. मी आईला फोन लावला. साताऱ्यात संध्याकाळचे पाच वाजले होते, आणि तिच्या ओसरीवरच्या खोक्यातील चिमण्यांचा चिवचिवाट मला तिच्या आवाजाआधी ऐकू आला.